तंबोऱ्याचा सांधा सुटला तर आधी ऋतू पाहा

ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असते, जानेवारीच्या दुपारी ती ५०च्या खाली येते. त्याबरोबर लाकूडही पाणी घेतं आणि सोडतं. धाग्यांच्या दिशेने ते जवळपास बदलत नाही, आडव्या दिशेने मात्र बदलतं. एक फूट रुंदीची मोकळी सागवानी फळी पावसाळ्यातून हिवाळ्यात जाताना २-३ मिलिमीटर आकसू शकते. तंबोऱ्याची तबली, म्हणजे भोपळ्यावर झाकणासारखी बसवलेली पातळ फळी, लाकडाची, खाली भोपळा. भोपळ्याच्या कवचाची घडण लाकडासारखी नाही, त्यामुळे दोघांचं आकसणं जुळत नाही आणि ओढ सांध्यावर येते. तिथला सरस, म्हणजे सांधा धरणारा पारंपरिक गोंद, सुटतो. तो सुटला नसता तर तबली चिरली असती, आणि ती दुरुस्ती कितीतरी अवघड. म्हणून हा सांधा मुद्दाम फार पक्का करायचा नसतो.

घरात हाताशी असतो फेविकॉलसारखा पांढरा गोंद. तो इथे नकोच. लाकडाच्या छिद्रांत तो जाऊन बसला की पुढच्या वेळी सरस धरत नाही, आणि तो खरवडताना मूळ लाकूडही जातं. अॅरल्डाइटसारखा इपॉक्सी गोंद तर त्याहून वाईट, कारण त्याने जोडलेला सांधा परत उघडतच नाही. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांतलं प्रथिन. उष्णता आणि ओल मिळाली की तो मऊ होतो, आणि जुन्या सरसावर नवा नीट बसतो. दाणेदार सरस न मिळाल्यास लहान सांध्याला स्वयंपाकाचं साधं, बिनसाखरेचं जिलेटिनही चालतं.

पावसाळ्यात फट आपोआप मिटलेली दिसते, पण ती फुगलेल्या लाकडाने मिटलेली असते. त्या अवस्थेत चिकटवलं तर हिवाळ्यात सांधा पुन्हा ओढला जातो. शिवाय दमट हवेत सरस वाळायला वेळ लागतो आणि त्यावर बुरशीही धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एसीच्या थेट झोतात वाद्य ठेवू नका.

आधी सगळ्या तारा थोड्या थोड्या, आळीपाळीने सैल करा. घोडी, म्हणजे तबलीवरचा तारा टेकणारा तुकडा, नुसत्या तारांच्या दाबावर बसलेली असेल तर तिची जागा मास्किंग टेपने खुणावून ठेवा. कडेने बोटाने टकटक करत जा: जिथे आवाज फाटतो तिथे सांधा सुटलाय. पातळ कागदाची पट्टी आत सरकवून फट कुठवर आहे ते पाहा आणि दोन्ही टोकांना टेप लावा. जुना सरस गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या ब्रशने काढून सांधा दिवसभर वाळू द्या. पाणी लाखेच्या पॉलिशवर राहिलं तर पांढरे डाग पडतात, तेव्हा लगेच टिपून घ्या.

१० ग्रॅम सरस २० मिली गार पाण्यात दोन-तीन तास भिजवा, मग वाटी गरम पाण्यात ठेवून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. थर्मामीटर हवाच. ७०च्या पुढे बराच वेळ राहिला तर प्रथिनाच्या साखळ्या तुटतात आणि पकड जाते. उकळी फुटलेला सरस टाकून द्या. कोमट तेलाइतका पातळ हवा. अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं उघडमिट केली की गार होताना बारीक तारा सुटायला हव्यात.

सगळ्यात जास्त फसतं ते घाईच्या क्षणी. लावलेला सरस मिनिटभरात गोठू लागतो, म्हणून दाब कुठे आणि कसा द्यायचा याची कोरडी तालीम आधी करा. भोपळ्यावर सी-क्लँप वापरू नका, भोपळा दडपून फुटतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या गोल गुंडाळल्या की दाब सारखा पडतो. हेअर ड्रायरने सांधा किंचित कोमट करा, सरस पातळ पात्याने आत सारा, पट्ट्या ओढा. बाहेर आलेला सरस कोमट ओल्या फडक्याने पुसा. २४ तास पट्ट्या सोडू नका, ४८ तास तारा चढवू नका. मग दोन-तीन दिवसांत हळूहळू मूळ सुरावर आणा.

हे सगळं तबलीच्या कडेच्या दोन-चार इंच फटीसाठी. दांडी आणि भोपळा जोडणारा गळा हलत असेल, किंवा दांडी पुढे झुकून तारा उंच झाल्या असतील, तर घरी हात लावू नका. तिथे तारांचा सगळा ताण येतो आणि दांडीचा कोनही जुळवावा लागतो. मिरजेच्या कारागिरांकडे पाठवा, आणि पाठवण्याआधी तारा उतरवा.