झिरो डेप असलं म्हणजे बोनस वाचतो का?

सोलापुरात गाडीचा इन्शुरन्स रिन्यू करताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: "झिरो डेप घेतलंय की, क्लेम केला तरी बोनस कुठं जातोय?" जातो. बोनस म्हणजे नो क्लेम बोनस, एनसीबी: क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. झिरो डेप (भाग जुने झाल्याची घट न कापता भरपाई) आणि एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम केला तरी बोनस राखणारं) ही दोन वेगळी ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे देऊन पॉलिसीला जोडायची संरक्षणं, आहेत. पहिलं गॅरेजच्या बिलावर चालतं, दुसरं पुढच्या रिन्यूअलच्या हप्त्यावर. दोन्हींचं काम एकच समजून लोक एक घेतात आणि क्लेमनंतर दुसऱ्याचा फायदा मागत बसतात.

आधी बिलाचं बघू. गाळपाचा हंगाम आहे, मोहोळकडून येताना अंधारात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी घासली. गाडी साडेतीन वर्षांची. बंपर आणि ग्रिल धरून प्लॅस्टिकचे भाग 20,000 रुपयांचे, बॉनेट 12,000, रंगकाम 8,000. एकूण 40,000. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत (आपल्या आणि समोरच्याच्या, दोन्ही नुकसानीच्या) प्लॅस्टिक आणि रबरावर निम्मी घट धरतात, म्हणजे 10,000 गेले. या वयाच्या गाडीच्या पत्र्यावर 25 टक्के, म्हणजे 3,000. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा रंगाचा धरून त्यावर निम्मी घट, म्हणजे 1,000. काचेवर घट नसते. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे 1,000 रुपये आपल्यालाच भरावे लागतात. खिशातून गेले 15,000. झिरो डेप असतं तर फक्त ते सक्तीचे 1,000 गेले असते. एनसीबी प्रोटेक्टचा या बिलाशी काडीचाही संबंध नाही.

आता बोनस. क्लेम न केलेल्या प्रत्येक वर्षामागे तो 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्क्यांवर जातो. सूट मिळते ती फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, दर सरकार ठरवतं, त्याला बोनस लागत नाही. एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला बोनस शून्य, आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून.

हे नुकसान एका वर्षात संपत नाही, आणि बहुतेकांचा हिशोब इथंच चुकतो. बोनस वजा करण्याआधीचा हप्ता 10,000 धरा आणि तो तेवढाच राहतो असं माना. 50 टक्केवाला आज 5,000 भरतो. क्लेमनंतर तो 10,000 भरेल, मग 8,000, 7,500, 6,500, 5,500 आणि तेव्हा कुठं परत 5,000. पाच वर्षांत जादा गेले 12,500, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 14,750. हाच क्लेम 20 टक्केवाल्यानं केला आणि प्रोटेक्टमुळे त्याचे 20 टिकले, तर त्याचे वाचतात 5,000 आणि कर. प्रत्यक्षात गाडी जुनी होईल तशी तिची विमा-किंमत उतरते, त्यामुळे आकडे थोडे खाली येतील. तरी दोघांतला फरक तसाच राहतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नव्या गाडीला पहिली पाच वर्षं झिरो डेप घ्याच. जुन्या गाडीचा बोनस आणला नसेल तर पहिल्या वर्षी बोनसच नसतो, मग एनसीबी प्रोटेक्टला राखायला काय आहे? पाचेक वर्षांनी उलटं होतं. बऱ्याच कंपन्या झिरो डेप द्यायचं थांबवतात आणि नेमका तेव्हाच बोनस 50 वर पोचलेला असतो. प्रोटेक्टचे पैसे तेव्हा द्यावेत. कोटेशनमध्ये ते करासह 800 रुपये पडत असेल, तर वरच्या हिशोबानं अठरा वर्षांत असा एक क्लेम झाला तरी पैसे वसूल. 2,500 सांगत असतील तर गाडी हायवेवर किती असते ते बघून ठरवा. जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढंच फिरणाऱ्यानं सोडून दिलं तरी चालेल. गड्डा यात्रेच्या गर्दीत पार्किंगला पडलेल्या पोच्यासाठी क्लेम करायचाच नसतो, तो आपला आपण काढून घ्यावा.

अमेरिकेतली मुलंबाळं 'ॲक्सिडेंट फरगिव्हनेस'बद्दल (अपघात झाला तरी हप्ता न वाढवण्याची सोय) सांगतात, त्याच्या जवळचं आपल्याकडे एनसीबी प्रोटेक्टच. पण तिकडे प्रश्न आपल्या चुकीनं झालेल्या अपघातानंतर हप्ता वाढण्याचा असतो. इथं चूक कोणाची ते बघत नाहीत. सात रस्त्याला सिग्नलवर उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला मागून कोणी ठोकलं आणि दुरुस्ती तुमच्या पॉलिसीतून केली, तरी बोनस जातो.

प्रोटेक्ट घेताना एजंटाला दोन गोष्टी लेखी विचारा: वर्षात किती क्लेम चालतात, आणि पुढच्या वर्षी कंपनी बदलली तर हा बोनस नवी कंपनी धरेल का. हे संरक्षण त्या कंपनीनं दिलेलं असतं. नवी कंपनी मागचे क्लेम तपासते. आणि प्रोटेक्ट असो वा नसो, पॉलिसी संपल्यावर 90 दिवसांत रिन्यू केली नाही तर बोनस आपोआप बुडतो. गाडी विकलीत तर मात्र तो गाडीबरोबर जात नाही, मालकाकडे राहतो. जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेऊन ठेवा, तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतो.