एनएक्सडोमेन : नसलेल्या नावाला डीएनएसचं उत्तर

एनएक्सडोमेन म्हणजे तुम्ही विचारलेलं डोमेन नाव अस्तित्वातच नाही, असं डीएनएस सर्व्हरनं, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेनं, दिलेलं उत्तर, त्याचा कोड 3. 1987 च्या आरएफसी 1035 मध्ये, म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजात, याला नेम एरर म्हटलंय, पण सर्व्हरमध्ये काही बिघाड झाला असा त्याचा अर्थ होत नाही. परक्या माणसानं गावच्या कोतवालाला पत्ता विचारला आणि तो म्हणाला की या नावाचं कोणी इथं राहत नाही, तर ते पक्कं उत्तर झालं, आणि कोतवालाला काही सांगताच आलं नाही तर ते सर्व्हफेल, कोड 2. नोडेटा अजून वेगळा, नाव आहे पण मागितलेला रेकॉर्ड (त्या नावाखालची नोंद) नाही, जसं आयपीव्ही4 या जुन्या पद्धतीचा पत्ता आहे न आयपीव्ही6 या नव्या पद्धतीचा नाही, तेव्हा कोड 0 येते आणि उत्तराची जागा रिकामी असते.

खरा घोळ होते तो हे "नाही" साठवून ठेवल्यानं. समजा दिग्रसकडच्या शेतकरी गटानं तूरडाळ विकायला साईट काढायचं ठरवलं, नाव विकत घ्यायच्या आधीच चारजणांनी मोबाईलवर टाकून पाह्यलं, मग तासाभरात नाव घेतलं, साईट चालू केली, तरी गावात कोणालाच दिसत नाही आणि नागपूरच्या भाच्याला मात्र दिसून राह्यली. गावात रेंज एकाच कंपनीची, तिच्या रिझॉल्व्हरनं (आपल्यासाठी डीएनएसला विचारून उत्तर आणणाऱ्या सर्व्हरनं) आधीचं "नाही" धरून ठेवलेलं, त्यामुळं मोबाईल कितीदा बंद-चालू केला तरी फरक पडत नाही, थांबावंच लागते. किती थांबायचं ते उत्तरासोबत आलेल्या एसओए रेकॉर्डवरून (त्या झोनची, म्हणजे डीएनएसमधल्या त्या विभागाची, मुख्य नोंद) ठरते, त्याचा टीटीएल (साठवून ठेवायची मुदत) आणि त्यातला मिनिमम आकडा यात जो लहान तितके सेकंद. हा नियम 1998 च्या आरएफसी 2308 चा, त्यात 1 ते 3 तास ठीक म्हटलंय न दिवसापेक्षा जास्त ठेवलं तर त्रास होते असंही सांगितलंय. म्हणून नाव आधी घ्या, मग उघडून पाहा.

हे "नाही" प्रामाणिक असणं फार गरजेचं आहे. 15 सप्टेंबर 2003 ला व्हेरिसाइन या डॉट कॉम, डॉट नेटच्या नावांची नोंद सांभाळणाऱ्या कंपनीनं डॉट कॉम आणि डॉट नेटमधल्या नसलेल्या नावांनाही स्वतःच्या साइट फाइंडर पानाचा पत्ता द्यायला सुरुवात केली, त्यानं पाठवणाऱ्याचं डोमेन खरं का खोटं ते तपासणारे स्पॅम फिल्टर कामातून गेले, डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेनं बजावल्यावर 4 ऑक्टोबरला ते बंद झालं.

आता डीएनएससेकमध्ये (डीएनएसच्या उत्तरावर डिजिटल सही करायच्या पद्धतीत) "नाही" सुद्धा सहीनिशी देता येते. त्यातला एनसेक रेकॉर्ड सांगते की क्रमानं लावलं तर या नावानंतर थेट ते नाव, मधात काही नाही. पण तसं एकामागे एक विचारत गेलं तर झोनमधली सगळी नावं बाहेर पडतात, म्हणून 2008 मध्ये नावांचे हॅश (नावापासून काढलेला, उलटा सहज न उलगडणारा सांकेतिक आकडा) वापरणारं एनसेक3 आलं.