थंड इंजिनचा ठोका: ऑइल घट्ट होते म्हणून की पिस्टन आकसतो म्हणून?

हिवाळा लागला की ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एक खुलासा हमखास ऐकू येतो: थंडीने ऑइल घट्ट झाले, म्हणून सकाळी इंजिन खडखडते. हा खुलासा आपल्या हवामानाला लागू पडत नाही. 5डब्ल्यू-30 दर्जाचे ऑइल उणे 30 अंश सेल्सिअसलाही इंजिन फिरू शकेल इतपत पातळ राहावे, अशी त्याची चाचणी असते. घोडबंदर रोडवर जानेवारीची पहाट बहुधा 15 ते 20 अंशांची असते. मात्र चालू इंजिनातील पाणी सुमारे 90 अंशांवर असते. म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी नेहमीच्या तापमानापेक्षा सत्तरेक अंशांनी थंड असते आणि मे महिन्यातही हा फरक साठ अंशांचा उरतो. प्रश्न हवेच्या गारठ्याचा नसून या फरकाचा आहे.

पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, तर सिलिंडरची भिंत बहुतेक गाड्यांत ओतीव लोखंडाची असते. दर अंशाला पहिला धातू दशलक्ष भागांत सुमारे 20 भाग प्रसरण पावतो आणि दुसरा सुमारे 11. 70 मिमी व्यासाचा पिस्टन 70 अंशांनी तापला तर त्याचा व्यास जवळपास 0.10 मिमी वाढतो, सिलिंडरचा मात्र 0.05 मिमीच्या थोडा वर. हा फरक कागदाच्या जाडीच्या निम्मादेखील नाही. पण पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये ठेवलेली फटच मुळात याच मापाची असते. तापलेल्या अवस्थेत फट नेमकी राहावी म्हणून थंड असताना ती मोठी ठेवणे भाग पडते.

आता ठोका कसा पडतो ते पाहण्यासारखे आहे. पिस्टन वर येत असताना त्याला खालच्या क्रँकशी जोडणारा तिरका कनेक्टिंग रॉड त्याला एका भिंतीवर दाबून ठेवतो. सर्वांत वरचे टोक ओलांडताच रॉडचा कल उलटतो, त्याच सुमारास मिश्रण पेटून दाब एकदम वाढतो आणि पिस्टन समोरच्या भिंतीवर आदळतो. सुरुवातीला मिनिटाला 1200 फेरे होत असतील, तर एका सिलिंडरमध्ये असे जोराचे दहा ठोके दर सेकंदाला पडतात. हा आघात सौम्य व्हावा म्हणून अनेक इंजिनांत गजन पिन (पिस्टन आणि रॉड यांना जोडणारी खीळ) मध्यापासून किंचित बाजूला बसवतात, त्यामुळे पिस्टन आधी कलतो आणि मग भिंतीला टेकतो. इतका सूक्ष्म विचार केलेला असूनही पिस्टनचा खालचा घेर झिजला की थंड फट वाढते आणि मेकॅनिकच्या भाषेत ‘पिस्टन वाजतो’. काही मिनिटांत पिस्टन फुगला की आवाज विरतो.

म्हणूनच निदान करताना आवाज किती वेळ टिकतो, हे सर्वांत आधी पाहावे. सुरू करताच एक-दोन सेकंद खळखळून थांबणारा आवाज प्रसरणाचा नसतो, कारण तेवढ्यात धातू तापत नाही. तो ऑइलचा दाब पोहोचायला लागलेल्या उशिराचा असतो. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि झडपांची फट भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट या दाबावर चालतात. मालक आठवडाभर लोकलने जातो आणि गाडी रविवारीच निघते, तेव्हा ऑइल खाली ओघळून जाते; फिल्टरमधील ते अडवणारी रबरी झडप कडक झाली असेल तर आणखी लवकर. काही मिनिटांनी थांबणारी बारीक टकटक एक्झॉस्टच्या सांध्यातील गळतीचीही असू शकते, कारण तापल्यावर तो सांधा मिटतो; तेथे काजळीचा डाग शोधावा. याउलट, इंजिन तापल्यावर गायमुखच्या चढावर जोर देताच वाढणारा जड ठोका बेअरिंगचा, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या आधाराचा, असण्याची शक्यता मोठी, कारण गरम ऑइल पातळ होऊन झिजलेली फट भरू शकत नाही. अशी गाडी पुढे चालवू नये.

डिझेल गाडीत थंडपणी इंधन पेटायला उशीर होतो आणि साचलेले इंधन एकदम जळते. तो कडकडाट मर्यादेत असेल तर स्वाभाविकच असतो.

महाग, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल या सकाळच्या ठोक्यावर उपाय म्हणून सुचवले जाते, त्यात तथ्य नाही. ऑक्टेनचा संबंध अतितप्त मिश्रण आपोआप पेटण्याशी आहे आणि थंड भिंतींच्या इंजिनात ती शक्यता उलट कमी असते. घर्षण नाहीसे करण्याचे वचन देणाऱ्या बाटल्याही झिजलेला पिस्टन पूर्ववत करत नाहीत.

अडचण अशी की कोपरखैरण्याहून तुर्भ्याच्या गॅरेजपर्यंत गाडी नेईतो इंजिन तापते आणि ऐकवायचा आवाजच उरत नाही. त्यामुळे गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवावी आणि सकाळची पहिली स्टार्ट मेकॅनिकने स्वतः बॉनेट उघडून करावी. एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरची जोडणी क्षणभर काढली की कोणत्या सिलिंडरचा ठोका मंदावतो, हे त्याला तेथेच कळते.