एमआरआय बघून कंबर बरी होणार की नाही ते कळतं? नाही हो

"मणक्यात गॅप आहे, आता हे जन्माचं दुखणं" असं कुणीतरी सांगतं आणि माणूस रिपोर्ट वाचूनच अर्धा खचतो. पण १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले तर ५२ टक्के लोकांची किमान एक डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) फुगलेली निघाली, धडधाकट माणसं बरं का!

मग गुण येणार का याचा अंदाज कशावरून? दुखणं किती जुनं, कळ पायात उतरते का, आणि वाकलो तर काहीतरी मोडेल ही भीती किती बसलीये, यावरून. इंग्लंडच्या कील युनिव्हर्सिटीने यासाठी ९ प्रश्नांचा 'स्टार्ट बॅक' फॉर्म बनवलाय, त्यात मानखांदा दुखतो का हे विचारतात, "हे कधीच बरं होणार नाही असं वाटतं का" हेपण विचारतात, स्कॅनचं मात्र नावच नाही. अर्थात फॉर्म म्हणजे काय भविष्य नव्हे, अंदाजच तो.

एमआरआय बिनकामाचा असंही नाही हां. लघवीवरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद चालली तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा, तिथे फॉर्मबिर्म भरत बसू नका.