पियानोचे ट्यूनिंग आणि पिच रेझ: ट्यूनर पहिल्यांदा घरी येण्यापूर्वी

कित्येक वर्षे हात न लागलेला पियानो ट्यूनरकडून लावून घेतला आणि महिन्याभरात तो पुन्हा उतरला, अशी तक्रार मी सतत ऐकतो आणि दर वेळी दोष ट्यूनरच्या माथी मारला जातो. बहुतेकदा घडलेले असते ते इतकेच, की त्या पियानोला पिच रेझची, म्हणजे खाली उतरलेला सगळा सूर आधी वर चढवण्याची, गरज होती आणि मालकाने ट्यूनिंगची अपेक्षा धरली होती.

तंबोरा जुळवणाऱ्यांना ट्यूनिंग वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पियानोत ८८ पट्ट्यांसाठी सुमारे २३० तारा असतात आणि मधल्या व वरच्या सप्तकांत एका पट्टीला तीन-तीन तारा असतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे. या सर्व तारा एकमेकींशी जुळवणे म्हणजे ट्यूनिंग.

पिच रेझचा प्रश्न वेगळा आहे. पियानो स्वतःशी बऱ्यापैकी सुरात असूनही सगळाच्या सगळा खाली उतरलेला असू शकतो, आणि एकटा वाजवताना ते कानाला जाणवतही नाही. मधल्या ‘सी’च्या वरचा ‘ए’ ४४० हर्ट्झवर असावा, हे आज सर्वमान्य प्रमाण आहे. तो ४२८ वर आला असेल, तर शेजारच्या दोन पट्ट्यांमधले जवळजवळ निम्मे अंतर पियानोने गमावलेले असते. सगळ्या तारांचा एकत्रित ताण साधारण १५ ते २० टन असतो. एवढी घसरण भरून काढायची, तर त्यात जवळजवळ एक टनाची भर घालावी लागते. हा वाढीव भार साउंडबोर्डवर, म्हणजे तारांचा नाद मोठा करणाऱ्या लाकडी फळीवर येतो, ती फळी किंचित दबते, आणि त्यामुळे आधी लावलेल्या तारा पुढच्या तारा चढवता चढवता पुन्हा उतरतात. म्हणून ट्यूनर पहिल्या फेरीत तारा मुद्दाम हव्या त्या सुराच्या थोड्या वर नेतो आणि ही फेरी भराभर, ढोबळ मानाने पूर्ण करतो. बारीक जुळवणी त्यानंतर होते आणि तीही लगेच स्थिरावत नाही. काही आठवड्यांनी किंवा दोन-तीन महिन्यांनी दुसरी भेट लागते. ती भेट म्हणजे पहिल्या कामातली चूक सुधारणे नव्हे. ती त्याच कामाचा भाग आहे, आणि तिचे पैसे वाचवू पाहणाऱ्याने पहिल्या भेटीचे पैसे वाया घालवले, असे माझे ठाम मत आहे.

त्यामुळे फोनवर वेळ ठरवण्यापूर्वी मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपने तो ‘ए’ तपासावा आणि आलेला आकडा ट्यूनरला सांगावा. घरच्या हार्मोनियमशी पडताळून पाहू नये, कारण ती स्वतः ४४० वर असेलच असे नाही. मुंबई, कोकण किंवा गोव्यात हे मोजमाप ऐन पावसाळ्यात घेतले, तर ते फसवे ठरू शकते. दमट हवेत साउंडबोर्ड फुगतो, तारा ताणल्या जातात आणि, विशेषतः मधल्या सप्तकांत, सूर वर सरकतो. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की खरी घसरण उघडी पडते. पहिले मोठे काम पावसाळा सरून हवा स्थिरावल्यावर करून घेणे मला सर्वांत योग्य वाटते. पियानो नुकताच दुसऱ्या घरातून आणला असेल, तर नव्या जागेच्या हवेशी जुळून घ्यायला त्यालाही दोन-तीन आठवडे द्यावेत.

पट्टी अडकणे, पेडल करकरणे, हातोडीचा आघात जड किंवा असमान लागणे या तक्रारी ट्यूनिंगने दूर होत नाहीत. त्यांची यादी करून आधी कळवावी, म्हणजे ट्यूनर त्यासाठी वेळ राखून ठेवेल. पियानोवरच्या तसबिरी आणि फुलदाण्या आदल्या दिवशीच उतरवाव्यात. पाण्याने भरलेली फुलदाणी तर पियानोवर कधीही ठेवू नये. काम चालू असताना टीव्ही, मिक्सर आणि शक्यतो पंखाही बंद ठेवावा, कारण ट्यूनर दोन तारांमधली अतिशय मंद थरथर ऐकत असतो.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून संताप येतो. ट्यूनर येण्याआधी ‘मदत’ म्हणून काही जण गंजलेल्या खुंट्यांवर तेलाचा किंवा गंज सोडवण्याचा फवारा मारतात. खुंटी लाकडात घट्ट रुतलेली असते म्हणूनच तार ताणलेली राहते. तेल त्या लाकडात मुरले की खुंटी घसरू लागते आणि मग ना पिच रेझ टिकतो, ना ट्यूनिंग. तारा गंजलेल्या असतील, तर त्या आहेत तशाच दाखवाव्यात. अशा तारा ताण वाढवताना तुटू शकतात. म्हणून ट्यूनरने एकदम ४४० गाठण्याऐवजी दोन-तीन भेटींत टप्प्याटप्प्याने चढवू असे म्हटले, किंवा फार जुना पियानो थोडा खालीच ठेवून फक्त स्वतःशी जुळवून देऊ असे सुचवले, तर त्याचे ऐकावे. मात्र त्या पियानोबरोबर बासरी किंवा कीबोर्ड वाजणार असेल, तर हा निर्णय होण्याआधीच ट्यूनरला तसे सांगितले पाहिजे.