फायरवॉलचा वेग: बिटांचा हिशेब आणि पॅकेटांचा हिशेब

फायबरच्या जाहिरातींत १ गिगाबिटचा आकडा हल्ली सर्रास दिसतो आणि लहान कार्यालये, दवाखाने, शाळा १०० मेगाबिटच्या कनेक्शनवरून तिकडे वळत आहेत. कनेक्शन बदलले की फायरवॉलचा प्रश्न येतो आणि तेथे एक सोपा पण फसवा तर्क लढवला जातो: कनेक्शन १ गिगाबिटचे आहे, फायरवॉलच्या खोक्याच्या माहितीपत्रकावर १० गिगाबिट छापले आहे, म्हणजे दहापट सवड आहे. पुढे स्पीड टेस्ट ६०० मेगाबिटवर अडखळते आणि सगळा राग इंटरनेट पुरवठादारावर निघतो. माहितीपत्रकावरचा आकडा बहुधा खोटा नसतो. तो ज्या परिस्थितीत मोजलेला असतो ती आपली नसते, इतकेच.

फायरवॉल म्हणजे आतले नेटवर्क आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये बसून प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा प्रत्येक छोटा तुकडा, तपासणारा संगणक. सुरुवातीच्या फायरवॉल पॅकेटवरचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक (ते संगणकावरील कोणत्या सेवेसाठी आहे हे सांगणारा आकडा) पाहून त्याला सोडत किंवा अडवत. चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने १९९४ मध्ये फायरवॉल-१ बाजारात आणली, त्यानंतर 'स्टेटफुल' पद्धत रूढ झाली. या पद्धतीत चालू असलेल्या प्रत्येक संवादाची नोंद एका तक्त्यात ठेवली जाते, आणि आलेले पॅकेट आपणच आतून सुरू केलेल्या एखाद्या संवादाचे उत्तर आहे की आगंतुक आहे, हे त्या तक्त्यावरून ठरते.

हे काम बिटांच्या संख्येवर नव्हे, तर पॅकेटांच्या संख्येवर अवलंबून असते. टोलनाक्यावर पावती गाडीमागे फाडली जाते, आतल्या मालाच्या वजनामुळे पावती फाडणाऱ्याचे कष्ट वाढत नाहीत. त्याचप्रमाणे पॅकेट दीड हजार बाइटचे असो वा चाळीस बाइटचे, त्याचा हेडर (पत्ते असलेला सुरुवातीचा भाग) वाचणे, तक्त्यात नोंद शोधणे, पत्ता बदलणे आणि ते पुढे ढकलणे यांना जवळपास सारखाच वेळ लागतो.

आता थोडे गणित करू, कारण सगळी गंमत त्यातच आहे. इथरनेटच्या पूर्ण भरलेल्या पॅकेटमध्ये १,५०० बाइट असतात. त्यात इथरनेटचे स्वतःचे १८ बाइट, शिवाय सुरुवातीची खूण आणि दोन फ्रेममधली (फ्रेम म्हणजे त्या १८ बाइटांसह पॅकेट) सक्तीची मोकळी जागा मिळून २० बाइट धरले, की तारेवर १,५३८ बाइटांची जागा व्यापली जाते. १ गिगाबिटच्या तारेवरून अशी सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेटे जातात, म्हणजे एकेका पॅकेटसाठी १२.३ मायक्रोसेकंद मिळतात. सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची असते. तीच २० बाइटांची भर धरून ती ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट व्यापते. त्याच तारेवरून अशी सेकंदाला १४ लाख ८८ हजार पॅकेटे येऊ शकतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला फक्त ६७२ नॅनोसेकंद येतात. वेग तोच १ गिगाबिट, पण काम अठरा पट.

६७२ नॅनोसेकंदांत काय होते? ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात सुमारे दोन हजार ठोके पडतात. ते पुष्कळ वाटतात, पण हवी ती नोंद प्रोसेसरच्या जवळच्या कॅशमध्ये, म्हणजे छोट्या वेगवान साठ्यात, नसली आणि ती आणायला मुख्य मेमरीपर्यंत जावे लागले, तर एका फेरीला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात. अशा सहा-सात फेऱ्यांत वेळ संपतो. १० गिगाबिटच्या तारेवर तर लहान पॅकेटसाठी ६७ नॅनोसेकंदच मिळतात, म्हणजे मेमरीची एक फेरीही पुरी होत नाही. म्हणूनच नोंदींचा तक्ता ओळीने वाचत न बसता, पत्ते आणि पोर्ट यांपासून एक संख्या काढून थेट त्या खणाकडे जाण्याची हॅशिंगची युक्ती वापरावी लागते, आणि पॅकेटे एकेक न उचलता झुबक्याने उचलावी लागतात.

प्रोसेसरमध्ये अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, असतात, मग काम वाटून का घेऊ नये, अशी शंका येथे येईल. काम वाटले जाते, पण एका अटीवर: एकाच संवादाची पॅकेटे एकाच कोअरकडे गेली पाहिजेत, नाहीतर त्यांचा क्रम बिघडतो. त्यासाठी नेटवर्क कार्ड दोन्ही बाजूंचे पत्ते, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल यांवरून हॅश काढून कोअर ठरवते. परिणामी शंभर जण शंभर संकेतस्थळे पाहत असतील तर सगळे कोअर कामाला लागतात, पण एकच मोठी फाइल उतरवताना एकाच कोअरच्या ताकदीची मर्यादा पडते. बीएसएनएलच्या फायबरवर आणि आपल्याकडच्या अनेक स्थानिक पुरवठादारांकडे वापरली जाणारी पीपीपीओई ही जोडणीची पद्धत यात आणखी भर घालते. तिच्यात मूळ पॅकेट आणखी एका वेष्टनात येते, अनेक नेटवर्क कार्डांना वेष्टनाच्या आतले पत्ते दिसत नाहीत, आणि बाहेरून येणारी सारी पॅकेटे एकाच रांगेत, एकाच कोअरपुढे उभी राहतात. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर आधारलेल्या मोफत फायरवॉल वापरणाऱ्यांना ही अडचण चांगलीच परिचयाची आहे.

माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा बहुतेक वेळा १,५१८ बाइटच्या यूडीपी (पोच न मागता पाठवण्याच्या पद्धतीच्या) फ्रेम वापरून, म्हणजे गणिताच्या सर्वांत सोयीच्या टोकाला मोजलेला असतो. प्रत्यक्ष वाहतूक मिश्र असते. चाचण्यांत वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या मिश्रणात ४० बाइटची सात, ५७६ बाइटची चार आणि १,५०० बाइटचे एक अशी पॅकेटे असतात. त्यांची सरासरी ३४० बाइट येते.

त्याहून मोठी घसरण पॅकेटच्या पोटात डोकावल्यावर होते. आपल्याकडच्या लहान कार्यालयांत आढळणाऱ्या फोर्टिगेट ६०एफ या फायरवॉलच्या माहितीपत्रकात फायरवॉल थ्रूपुट (म्हणजे वेग) १० गिगाबिट, घुसखोरी रोखणारी यंत्रणा चालू असताना १.४ गिगाबिट आणि 'थ्रेट प्रोटेक्शन' या ओळीत ७०० मेगाबिट असे आकडे आहेत. हेडर पाहण्याचे ठरावीक काम खास बनवलेली चिप करते, म्हणून १० गिगाबिट मिळतात. मजकुरात हजारो धोकादायक नमुने शोधायचे असतील तर प्रत्येक बाइट वाचावा लागतो. येथे मात्र पॅकेटची नव्हे, बाइटांची संख्या महाग पडते. हे सगळे नमुने एकाच वाचनात शोधण्याची सुंदर रीत आल्फ्रेड आहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी १९७५ मध्येच मांडली. ती नसती तर हा आकडा आणखी खाली गेला असता.

त्यातही आज वेबवरील बहुतेक वाहतूक कूटबद्ध असते, त्यामुळे आतला मजकूर वाचायचा तर फायरवॉलला मध्ये बसून एकदा कुलूप उघडावे आणि पुन्हा लावावे लागते. त्यासाठी प्रत्येक संगणकावर कार्यालयाचे स्वतःचे प्रमाणपत्र बसवावे लागते आणि बँकांची संकेतस्थळे सहसा वगळावी लागतात. या कामाचा वेग माहितीपत्रकात वेगळ्या ओळीत असतो. ती ओळ नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारावी.

खोक्यावरच्या 'एआय-संचालित' आणि 'मिलिटरी ग्रेड' या बिरुदांना मी शून्य किंमत देतो. ज्या २५६ बिटी एईएस कूटपद्धतीला लष्करी दर्जाची म्हणून मिरवले जाते, तीच आपल्या खिशातल्या फोनमध्येही चालते.

तेव्हा खरेदीपूर्वी आपण कोणत्या तपासण्या चालू ठेवणार हे ठरवावे आणि त्या ओळीतला आकडा कनेक्शनशी ताडून पाहावा. १ गिगाबिटवर सर्व तपासण्या हव्या असतील तर त्या ओळीत किमान दीड गिगाबिट असावेत, असे माझे मत आहे. अपलोडही तेवढ्याच वेगाचे असेल तर दोन्ही दिशांची बेरीज धरावी. कनेक्शन १ गिगाबिटपेक्षा जास्त असेल तर बाहेरचा पोर्ट (येथे केबल जोडण्याची खाच) २.५ किंवा १० गिगाबिटचा आहे का, हे पाहावे. वार्षिक परवान्याचे शुल्क किमतीत मिळवावे, कारण ते थांबले की नव्या नमुन्यांची भर पडणे थांबते. घरगुती वापरासाठी मात्र पुरवठादाराच्या राउटरमधली स्टेटफुल फायरवॉल बहुधा पुरते. वेगळ्या खोक्यावर खर्च करण्याआधी त्या राउटरचा पासवर्ड बदलावा.

खोका आल्यावर चाचणी तारेने जोडलेल्या संगणकावरून करावी, वाय-फायवरून नव्हे. १ गिगाबिटच्या पोर्टवर ९४० ते ९५० मेगाबिट दिसले तर तो पूर्ण वेग आहे. उरलेली जागा इथरनेटच्या वर सांगितलेल्या बाइटांनी आणि पॅकेटांच्या हेडरांनी खाल्लेली असते. चाचणी तपासण्या बंद ठेवून आणि चालू ठेवून, तसेच एका आणि अनेक जोडण्यांनी करावी, आणि त्या वेळी प्रत्येक कोअरवरचा भार स्वतंत्रपणे पाहावा. एकच कोअर शंभर टक्क्यांवर आणि बाकीचे रिकामे असतील, तर अधिक कोअरचा महागडा खोका घेऊन काही सुधारणार नाही. कमी पण अधिक वेगवान कोअरचा खोका तेथे उपयोगी पडेल.