धसका घेतलेलं हृदय

'नवरा गेल्याचा तिनं धसका घेतला,' असं आपण सहज म्हणतो. हा धसका डॉक्टरांना प्रत्यक्ष दिसला तो जपानमध्ये. १९९० साली तिथल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद केली, ज्यांच्या छातीत हार्ट अटॅकसारखी कळ येत होती, ईसीजीही बिघडलेला होता, पण अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. हृदयाचा डावा कप्पा मात्र टोकाशी फुग्यासारखा फुगून निपचित पडलेला, वरचा भाग तेवढा आकुंचन पावत होता. अरुंद गळ्याचा, गोल बुडाचा हा आकार ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा दिसला, म्हणून आजाराला त्या मडक्याचंच नाव मिळालं : ताकोत्सुबो.

२००४च्या ऑक्टोबरात जपानच्या निगाता भागात भूकंप झाला, तेव्हा केंद्राजवळ असे रुग्ण एकाएकी वाढले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात या रुग्णांच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिनसारखी ताणाची रसायनं हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षाही दोन-तीन पट आढळली. एरवी हृदयाला पळवणारं हे रसायन लोंढ्यानं आलं की स्नायूच बधिर होत असावा. दहातले नऊ रुग्ण स्त्रिया असतात, त्याही बहुतेक पाळी गेलेल्या. बहुतेकींचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. पण 'दुःखानं होतंय' म्हणून कळ अंगावर काढू नये. हा आजार की हार्ट अटॅक, हे घरी बसून कुणालाच कळत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती संथ धसक्याची, म्हणजे नैराश्याची. माँट्रियलमध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २२२ जणांवर लक्ष ठेवलं गेलं. १९९३ साली निष्कर्ष आला : नैराश्य असलेल्यांमध्ये पहिल्या सहा महिन्यांतले मृत्यू कितीतरी जास्त, आणि हृदयाची उरलेली ताकद हिशेबात धरूनही फरक टिकला. नैराश्यात रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेट पेशी लवकर चिकटतात, शरीरात सूज धुमसत राहते, झोप उडते. शिवाय गोळ्या चुकतात, फिरणं सुटतं.

आपल्याकडे बायपास झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण मीठ-तेलाची चौकशी करतो. 'रात्री झोप लागते का? कशात मन रमतं का?' हे क्वचितच कुणी विचारतं. दोन आठवड्यांहून अधिक काळ उत्तर 'नाही' असेल, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. नैराश्यावरची काही जुनी औषधं हृदयाला जड जातात, पण सर्ट्रालिन हे औषध हार्ट अटॅकनंतरच्या रुग्णांवर तपासलं गेलंय आणि ते सुरक्षित ठरलंय.